हेल्मीच्या खुराड्याचं दार

चौतीस वर्षं मी टपालखात्याच्या खिडकीमागे बसलो आणि त्या चौतीस वर्षांत एकही पाकीट चुकीच्या खणात टाकलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकल्यावर माझ्याविषयी मत बिघडण्याचा संभव आहे. गावात ते बिघडलेलंच आहे. लेक सुपीरियरच्या काठी हिवाळ्यात माणसाला दोनच उद्योग असतात, बर्फ उपसणं आणि दुसऱ्याच्या फजितीची चर्चा करणं. त्या वर्षी बर्फ जरा कमीच पडलं होतं.

माझी बायको हेल्मी जानेवारीत अंथरुणाला लागली. दुखणं पोटातलं. डॉक्टरांनी त्याचं नाव एकदाच घेतलं आणि नंतर आम्ही कोणीच घेतलं नाही. तिच्यासाठी भाड्याचा एक पलंग आम्ही खालच्या खोलीत, मागच्या खिडकीशी आणला. खिडकीतून अंगण दिसायचं, अंगणाच्या टोकाला खुराडं, आणि त्यात तिच्या चार कोंबड्या. कोंबड्यांना तिनं माझ्या चार बहिणींची नावं ठेवली होती. बहिणींना तो स्वतःचा सन्मान वाटायचा. कोणती कोंबडी कशावरून कोण, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सगळ्यात जाड आणि सगळ्यात भांडखोर कोंबडीचं नाव लेम्पी होतं, एवढंच सांगतो.

एका सकाळी मी गुडघाभर बर्फातून जाऊन खुराड्याचं दार उघडलं, लेम्पीकडून पोटरीला चोच खाल्ली आणि घरात येऊन बूट काढत होतो.

"सात वाजून दहा मिनिटं," हेल्मी पलंगावरून म्हणाली. "उशीर केलास."

"बाहेर नाक गळून पडेल अशी थंडी आहे."

"तुझ्या नाकाशी कोंबड्यांना काय करायचंय? त्यांना उजेड दिसला की बाहेर यायचं असतं." मग म्हणाली, "अर्वो, मला आंघोळ सिल्व्हिया घालते. घास तू भरवतोस. गोळ्या डॉक्टर ठरवतो. मी दिवसभरात काय करते, सांग बघू."

सिल्व्हिया म्हणजे रोज येणारी नर्स. मी विचार करून म्हणालो, "विश्रांती."

"बावीस वर्षं ते दार मी उघडलंय. तेवढं एक काम माझ्याकडे राहू दे ना."

"इथून? पलंगावरून? कसं काय?"

"ते तू बघ. टपालखात्यात होतास ना?"

आता टपालखात्याचा आणि याचा संबंध काय, हे मी विचारायला हवं होतं. पण ती अशा आवाजात बोलली होती की मी फक्त "बघतो" म्हणालो. आमच्या संसारात "बघतो" या शब्दामुळे आजवर एक गच्ची, दोन कपाटं आणि एक होडी अर्धवट राहिलेली आहे.

पहिला सल्ला अर्थातच कार्ल ट्रेव्हॅरोचा. हा आमचा कुंपणापलीकडचा शेजारी. त्याचे आजोबा कॉर्नवॉलहून इथल्या तांब्याच्या खाणीत आले, आणि तेव्हापासून त्या घराण्यात कोणी सल्ला दिल्यावाचून झोपलेलं नाही.

"दोरी," कार्ल म्हणाला. "एक टोक तिच्या हातात, मधे चार कप्प्या, दुसरं टोक दाराला. ओढलं की उघडलं."

"दोरी खिडकीतून बाहेर कशी जाणार?"

"खिडकी उघडी ठेवायची."

"कार्ल, ती आजारी आहे."

त्यानं यावर प्रामाणिकपणे विचार केला. "मग दोरी बारीक घेऊ," तो म्हणाला.

अॅरिझोनाहून आमच्या मुलीचा, मार्लिसचा फोन आला. "बाबा, असली दारं तयार मिळतात हो. मी आत्ता मागवते."

"तयार दार घड्याळ बघून उघडतं," मी म्हणालो. "त्यात तुझ्या आईनं काय करायचं? घड्याळाला शाबासकी द्यायची?"

मार्लिसनं इथं बर्फ किती पडलं ते विचारलं. फोनवर ती अलीकडे असा मधेच विषय बदलायची.

तेव्हा मी नवशिक्यांसाठी असतो तसला एक संच मागवला. त्यात बिस्किटाएवढ्या पट्टीवर, म्हणजे बोर्डवर, बसवलेला छोटा संगणक होता, त्याला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. शिवाय तारा, दिवे आणि बारा धड्यांचं पुस्तक. पहिल्या धड्यात एक लाल दिवा लावायचा आणि विझवायचा. मला त्याला दोन दिवस लागले, पण तो लागला आणि विझला. मी बोर्ड उचलून हेल्मीला दाखवायला नेला. सिल्व्हियालाही दाखवला. कार्लला कुंपणावरून दाखवला.

"छान आहे रे," हेल्मी म्हणाली. "आता हा दिवा जाऊन दार उघडणार का?"

मोटर नवव्या धड्यात होती. मधले सात धडे अशा लोकांसाठी असावेत ज्यांनी आयुष्यात जबाबदारीचं काम केलेलं नाही, असं माझं मत झालं आणि मी सरळ नवव्यावर गेलो. त्या धड्याच्या आधी एका चौकटीत मोठ्या अक्षरांत "सावधान" लिहिलं होतं. चौकटीतला मजकूर मी नंतर वाचला. बराच नंतर.

मोटर कार्लनं दिली. त्याची जुनी पिकअप गाडी सहा वर्षं अंगणात बर्फाखाली उभी होती, तिच्या काचेवरचे वायपर फिरवणारी मोटर. चांगली नारळाएवढी जड. मी तिची एक तार बोर्डाच्या पिनेला जोडली, दुसरी 'जमीन', म्हणजे ग्राउंड, अशी खूण असलेल्या पिनेला, आणि बटण दाबलं.

मोटर हललीसुद्धा नाही. बोर्डावरचा हिरवा दिवा एकदा मिणमिणला, जणू त्याला काहीतरी सांगायचं होतं, आणि विझला तो कायमचा.

"काहीतरी करपलं," आतून हेल्मीचा आवाज आला.

"काही नाही करपलं."

"अर्वो, मला उठता येत नाही. वास येतो."

मी दुसरा बोर्ड मागवला. तोही त्याच वाटेनं गेला. मग मात्र मी मेलेले दोन्ही बोर्ड खिशात घालून डोलोरेस बियांकीबाईंकडे गेलो.

डोलोरेसबाई एक्याऐंशी वर्षांच्या. नवऱ्याबरोबर त्यांनी मुख्य रस्त्यावर टीव्ही आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान चाळीस वर्षं चालवलं. नवरा गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा आणि टीव्ही बाई दुरुस्त करायच्या, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. नवरा असेपर्यंत कोणी बोलत नसे. दुकान आता बंद आहे. बाई वरच्या मजल्यावर राहतात आणि खालच्या दुकानात शेकडो छोटे खण अजून जसेच्या तसे आहेत, प्रत्येकावर बारीक अक्षरात चिठ्ठी. ते खण पाहून माझ्यातला टपालवाला सुखावला.

त्यांनी बोर्ड नाकाशी धरून हुंगला.

"मोटर थेट पिनेला लावलीस?"

"थेट."

बाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली. "बस इथं. तू खिडकीत बसून काय करायचास?"

"शिक्का मारायचो."

"आणि मागं पोती कोण उचलायचं?"

"ऑस्कर."

"तुझा शिक्का पडल्याशिवाय ऑस्कर पोतं हलवायचा?"

"छे! नियमाप्रमाणे..."

"नियम राहू दे. ऑस्करची पोती एक दिवस तुला उचलायला लावली असती तर?"

"कंबर मोडली असती माझी."

"मोडलीच आहे. बघ." त्यांनी बोर्ड माझ्यासमोर ठेवला. मग एका खणातून काळा, तीन पायांचा, पाठीला धातूची पट्टी असलेला एक तुकडा काढला. "हा ट्रान्झिस्टर. हा तुझा ऑस्कर. या पायाला बोर्ड नुसतं हळूच सांगणार, 'उचल'. हळूच सांगावं म्हणून मधे हा रोधक घालायचा, नाहीतर बोर्ड ओरडून ओरडून पुन्हा मरेल. मोटरची ताकद गाडीच्या बॅटरीतून येईल आणि या दुसऱ्या दोन पायांमधून जाईल. ऑस्करनं फक्त वाट उघडायची आणि बंद करायची. बोर्डाची आणि बॅटरीची जमीन एकत्र जोड, नाहीतर बोर्ड काय म्हणतोय ते ऑस्करला कळणार नाही. समजलं?"

मला समजलं होतं. एवढं स्वच्छ मला गेल्या कित्येक महिन्यांत कोणी काही समजावून दिलं नव्हतं. डॉक्टरांनीसुद्धा.

"आणि हा डायोड," बाई म्हणाल्या. "मोटर थांबताना मागं लाथ मारते. ती ऑस्करच्या पोटात बसू नये म्हणून हा मोटरवर उलटा लावायचा. विसरू नकोस." त्यांनी तो एका लहान पाकिटात घालून दिला. मी घरी आलो आणि ते पाकीट स्वयंपाकघरातल्या ज्या खणात ठेवलं तो चमच्यांचा होता की दोऱ्यांचा, हे मला पुढे तीन आठवडे आठवलं नाही. मघाशी जे चौतीस वर्षांचं सांगितलं, ते नोकरीपुरतंच समजावं.

दुसऱ्या दिवशी आणखी एक अडचण निघाली. एका ऑस्करनं मोटर एकाच दिशेला फिरते. दार वर जायला ठीक, पण खाली कसं येणार? पुस्तकाचं म्हणणं होतं की त्याला चार ऑस्कर लागतात. मी टेबलाशी डोकं धरून बसलो होतो. हेल्मीनं मला बोलावलं आणि काय झालं ते विचारलं. मी टाळाटाळ केली, तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा सांगितलं.

"माझ्या शिवणयंत्राचं चाक कोणत्या बाजूला फिरतं?" तिनं विचारलं.

"पुढे."

"फक्त पुढे. आणि सुई?"

सुईकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

"वर आणि खाली," ती म्हणाली. "चाकाला दांडी लाव आणि दांडीला दार. अर्धा फेरा वर, अर्धा फेरा खाली. तुझी मोटर मरेपर्यंत एकाच दिशेला फिरू दे." आणि एवढं बोलून ती इतकी थकली की डोळे मिटून पडली. तिला बरं वाटतंय का, हे मी विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं की अर्ध्या मिनिटापुरतं वाटलं होतं.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. पण कार्लला वाटलं की आपण शेजाऱ्याच्या उपयोगी पडावं, म्हणून तो न विचारता नगर कार्यालयात गेला आणि खुराड्याला विजेचं दार लावायला परवानगी लागते का, अशी चौकशी करून आला. त्या कार्यालयाला तोवर असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. विचारल्यावर मात्र परवानगी लागू लागली.

खिडकीत लुओमाबाई होत्या. आमच्याच चर्चच्या, गेली कित्येक वर्षं माझ्या खिडकीतून तिकिटं नेलेल्या. पण खिडकीच्या त्या बाजूला बसलं की माणसाची ओळख पुसट होते, हे मला माझ्या अनुभवावरून माहीत होतं, म्हणून मी राग मानला नाही.

"कोंबड्यांचा परवाना हेल्मी नीमी यांच्या नावावर आहे," त्या म्हणाल्या. "बदलाचा अर्ज त्यांनी स्वतः येऊन द्यायला हवा."

"ती येऊ शकत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"हो, माहीत आहे." त्या खाली बघू लागल्या. "मग निरीक्षक घरी येऊन सही घेतील. तोवर तुम्ही हा भाग भरा."

अर्जात एक रकाना होता: यांत्रिक दाराचा उद्देश. मी लिहिलं, "बायकोसाठी."

लुओमाबाईंनी तो वाचला. "मिस्टर नीमी, बायको हा उद्देश होत नाही. व्यापारी, शेतीविषयक किंवा सुरक्षा, यांपैकी एक."

"यांपैकी काहीच नाही."

"मग हा रकाना रिकामा ठेवा," त्या म्हणाल्या. अर्ज परत सरकवताना म्हणाल्या, "तिला मी विचारलंय म्हणून सांगा."

निरीक्षक पेल्कोला एका गुरुवारी सकाळी आले. उंच, खांदे पडलेला, निवृत्तीला टेकलेला माणूस. आणि मी, माझ्या नशिबाला काय म्हणावं, त्याच सकाळी यंत्र पहिल्यांदा खुराड्यावर बसवून तयार केलं होतं. मोटर, दांडी, दार, बोर्ड, गाडीची बॅटरी. ऑस्कर तापू नये म्हणून त्याच्या पाठीला अॅल्युमिनियमचा पत्रा हवा होता, तो मी हेल्मीच्या वेलचीच्या पावाच्या ट्रेमधून कापून घेतला होता, तिला न विचारता. बोर्डाशी जुळवलेलं बिनतारी घंटीचं बटण तिच्या उशाशी होतं. कार्ल बघायला आला होता. सिल्व्हिया खिडकीशी उभी होती.

मी अंगणातून हात केला. खिडकीत हेल्मीनं बटण दाबलं.

दार वर गेलं! लेम्पीनं मान बाहेर काढली. बोर्डानं ऑस्करला "थांब" सांगितलं, मोटर थांबली, आणि थांबताना तिनं लाथ मारली.

डायोड चमच्यांच्या खणात होता. दोऱ्यांच्या नव्हे, हे आता मला माहीत आहे.

'फट्' असा बारीक आवाज झाला. ट्रान्झिस्टर मरतो तेव्हा तो कधी कधी वाट बंद करून मरत नाही, उघडी ठेवून मरतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मोटर पुन्हा सुरू झाली आणि थांबायचं नाव घेईना. दार खाली आलं, वर गेलं, खाली आलं, वर गेलं, शिवणयंत्राच्या सुईसारखं, टाके घालत असल्यासारखं. लेम्पीनं मान आत घेतली, पुन्हा काढली, पुन्हा घेतली. मग तिनं दोन फेरे नीट मोजले आणि उडी मारली. शेपटीची तीन पिसं दारात राहिली. तिच्यामागून दुसरी आली. तिसरी मधेच बिचकून परत फिरली आणि चौथीवर आदळली. कार्ल ओरडत होता, "दोरी! मी सांगितलं होतं, दोरी!" मी बॅटरीच्या तारेपर्यंत पोचायला धावलो आणि बर्फात पालथा पडलो, निरीक्षकांच्या बुटांपाशी.

"हे थांबत नाही का?" पेल्कोलांनी वरून विचारलं.

"थांबतं," मी बर्फातून म्हणालो. "तार उपटली की."

त्यांनी दोन पावलं जाऊन तार उपटली आणि वहीत लिहिलं. मला नंतर दिसलं, त्यांनी लिहिलं होतं: "आपत्कालीन बंदची व्यवस्था आहे."

मी उठून खिडकीकडे पाहिलं. मला वाटलं होतं हेल्मी हिरमुसली असेल. ती हसत होती. आवाज काचेतून येत नव्हता, पण तोंड उघडं होतं, एक हात पोटावर दाबलेला, कारण हसताना तिथं दुखायचं, आणि सिल्व्हिया तिला पाठीमागून धरून स्वतःही हसत होती. कित्येक महिन्यांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. एरवी माझा अपमान झाला की मला दोन दिवस जेवण जात नाही. त्या दिवशी मी अंगावरचं बर्फसुद्धा झटकलं नाही. तिनं आणखी थोडा वेळ बघावं म्हणून तसाच उभा राहिलो.

पेल्कोला सहीसाठी आत आले. टोपी हातात घेऊन पलंगाशी उभे राहिले. हेल्मीनं त्यांना आधी कॉफी घेतली का विचारलं. मग तिनं अर्ज वाचला, अगदी शेवटपर्यंत, आणि रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हे का नाही भरलं?"

"तिथं काय लिहायचं ते ठरलं नाही," मी म्हणालो.

"पेन द्या." पेन तिच्या बोटांत ठरेना. पेल्कोला वाकले आणि त्यांनी कागद धरला. तिनं वाकड्या अक्षरांत लिहिलं: "कोंबड्यांना बाहेर सोडणे." खाली सही केली. "एवढं साधं आहे," ती म्हणाली.

पेल्कोलांनी शिक्का मारला. दारापर्यंत मी त्यांना सोडायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "माझी बायको शरद ऋतूत गेली. तिनं मांजरं पाळली होती." मग त्यांनी टोपी घातली आणि ते गेले.

डोलोरेसबाईंना कळलं तेव्हा त्या स्वतः आल्या. कार्लनं त्यांना हात धरून बर्फातून आणलं. स्वयंपाकघरात बसून त्यांनी नवा ऑस्कर लावला, माझ्यादेखत मोटरच्या तारांवर डायोड डाख देऊन जोडला, आणि जोडून झाल्यावर तीनदा ओढून पाहिला.

"आता लाथ मारू दे," त्या म्हणाल्या. मग हात पुसून आत गेल्या आणि हेल्मीजवळ बसल्या. दोघींनी मिळून मी भाजलेला वेलचीचा पाव खाल्ला, म्हणजे बाईंनी खाल्ला आणि हेल्मीनं हातात धरला. ट्रेचा एक कोपरा कापलेला असल्यानं पाव एका बाजूनं सांडून विचित्र झाला होता. हेल्मीनं तो उलटा करून पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. ट्रेचा विषय तिनं काढला नाही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातली ती सकाळ. सात वाजता मी तिला उशी लावून बसवलं. बाहेर उजेड निळसर होता. तिनं बटण दाबलं. दार वर गेलं आणि थांबलं. लेम्पी बाहेर आली, मग बाकीच्या. हेल्मी बघत राहिली.

"उजेड दिसला त्यांना," ती म्हणाली.

मी मोजत नव्हतो असं म्हणणार होतो, पण मोजत होतो. सतरा सकाळी तिनं दार उघडलं. त्या दिवसांत तिला सकाळी लवकर जाग यायची. ती मला उठवायची, "अर्वो, वेळ झाली," म्हणायची, आणि त्यात जरा अधिकार असायचा. दुपारी काही का होईना, सकाळी सात वाजता या घरात एक काम असं होतं जे तिच्याशिवाय होत नव्हतं.

अठराव्या सकाळी तिचा अंगठा बटणावर गेला, पण बटण दबलं नाही. ते तसं कडकच होतं. तिनं पुन्हा प्रयत्न केला. मी पाठ वळवून पडदा सारखा करतोय असं दाखवलं. तिसऱ्यांदा कसंबसं दबलं.

त्या दिवशी दुपारी मी आणखी एक बटण आणलं, तसलंच, आणि तेही त्याच बोर्डाशी जुळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बसवून म्हणालो, "कॉफी उतू जाईल, बघून येतो," आणि स्वयंपाकघरात दारामागे उभा राहिलो. तिथून तिचा हात दिसायचा. अंगठा बटणावर गेला. जरासा हलला. मी माझं बटण दाबलं.

दार वर गेलं.

"गेलं वर?" मी आतून विचारलं.

"गेलं," ती म्हणाली.

असं नऊ दिवस चाललं. मला सांगायला हरकत नाही, मला त्याचा अभिमान वाटायला लागला होता. दोन बोर्ड, एक ट्रान्झिस्टर आणि गावातली अब्रू घालवून शेवटी मी एक गोष्ट नीट केली होती. रोज कॉफी उतू जायला आलेली असायची. रोज मी वेळेवर दारामागे पोचत होतो. शेवटच्या दोन दिवसांत अंगठा फार वेळानं हलायचा. मी थांबायचो. तो हलल्याशिवाय मी एकदाही दाबलं नाही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, एका दुपारी, हेल्मी गेली. मार्लिस आली होती, सिल्व्हिया होती, मी होतो. बाहेर छपरावरचं बर्फ वितळून टपटपत होतं आणि कोंबड्या त्याखाली चिखल उकरत होत्या.

सगळं आटोपल्यावर, लोक गेल्यावर, सिल्व्हिया तिच्या औषधांचं सामान न्यायला आली. खोकी बांधून झाली तरी ती जाईना. शेवटी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "मिस्टर नीमी, एक सांगू का? त्यांनी सांगू नको म्हटलं होतं."

"काय?"

"ते दुसरं बटण. त्यांना माहीत होतं."

मी खिशातलं माझं बटण बाहेर काढलं.

"दाबलं की टिक् असा आवाज येतो त्याचा. पहिल्याच दिवशी ऐकला त्यांनी. मला म्हणाल्या, 'अर्वोला कळू देऊ नकोस. त्याला वाटतंय मला कळत नाही. सकाळी त्याला तेवढं एक काम असू दे.'"

सिल्व्हियाला रडू आलं म्हणून मी तिला पाणी दिलं. गाडीपर्यंत खोकी नेऊन दिली. मग परत येऊन खुर्चीवर बसलो. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात या बाईला एकदा तरी फसवता आलं, असं मी नऊ दिवस समजत होतो. ते नऊ दिवससुद्धा तिनं माझ्याकडे ठेवले नाहीत. मला हसू आलं आणि ते लवकर थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

मार्लिस म्हणते, कोंबड्या कोणाला तरी देऊन टाका आणि अॅरिझोनाला या. कार्लला वाटतं, कोंबड्या ठेवाव्यात पण दार दोरीचं करावं. डोलोरेसबाई दर पंधरा दिवसांनी येऊन डायोड ओढून बघतात आणि पाव खातात. पाव मी करतो. चांगला होत नाही.

पहाटे जाग येते. कॉफी ठेवतो. सात वाजले की स्वयंपाकघराच्या दारामागे जाऊन उभा राहतो. पलंग आता तिथं नाही, भाड्याचा होता, घेऊन गेले. खिडकीशी एक छोटं टेबल आहे आणि त्यावर तिचं बटण. मी लगेच दाबत नाही. तिचा अंगठा हलायला जेवढा वेळ लागायचा तेवढा थांबतो, आणि मग माझं दाबतो. दार वर जातं.

तिच्या बटणातली बॅटरी मागच्या आठवड्यात संपली होती. नवी घातली.